मामांच्या कानाचं माप

जानेफळ, ता. ९ नोव्हेंबर २०२५

ती. हिंमतमामांस प्रतीक्षाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर माझं बोलणं तुम्हाला कळेनासं झालं, म्हणून कागदावर आले. तुमच्यासाठी फोनचा आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर करते आहे. पण तुमच्या कानाला कोणते सूर कमी पोचतात, हे कळल्याशिवाय तो जुळवू कशी? त्यासाठी हवा तो सूर काढणारा फंक्शन जनरेटर घ्यायचाय. एक साठ मेगाहर्ट्झपर्यंत जातो, दुसरा साधा, दोनपर्यंतच. आठ दिवस ठरत नाही. आई म्हणते, नवरदेव पाहायलाही एवढा वेळ लागत नाही.

मामींना नमस्कार. तुमची माया आहेच, उत्तरही असावं.

आपली, प्रतीक्षा

देऊळघाट, ता. १६ नोव्हेंबर

चि. प्रतीक्षास अनेक आशीर्वाद.

माणसाचा कान वीस हजार हर्ट्झला थकते, माहा तर कधीचा थकला. साठ मेगाहर्ट्झ वटवाघळालेही ऐकू येत नाही. साधाच घे. फक्त आवाज अगदी बारीक करता येते का, ते पाह्य. अन् टेलिफोन खात्यातून रिटायर होऊन घरी आल्यावर मी तुले पहिल्या दिवशी शिकवलं ते इसरू नको : आधी मोज, मंग जोड. तुही मामी म्हणते, यायले ऐकू आलं तर मले जपून बोलावं लागन.

तुहा, हिंमतमामा

जानेफळ, ता. २८ नोव्हेंबर

ती. मामांस सा. न. वि. वि.

साधा घेतला, आणि चुकलेच बहुतेक. पडद्यावर शंभर मिलिव्होल्ट लावले, तर ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी दोनशे भरले. मैत्रिणीचा, मयुरीचा, मीटर आणून पुन्हा मोजलं, तेच. न मोजता पाठवलं असतं तर तुमच्या कानात दुप्पट आवाज गेला असता. जेवण जात नाही. परत करू का?

आपली, प्रतीक्षा

देऊळघाट, ता. ४ डिसेंबर

चि. प्रतीक्षास आशीर्वाद.

पहिले जेव. मशीन खराब नाही. तिले वाटते, समोर पन्नास ओहमचा भार जोडला आहे. तुहा ॲम्प्लिफायर भार घेतच नाही, म्हणून दुप्पट दिसते. सेटिंगमधी पन्नास ओहम काढून हाय-झेड कर, म्हंजे समोर भार नाही असं तिले कळन. हे सांगायचा मीच राह्यलो होतो. चूक माही, तू मोजलं म्हणून निभावलं. आमचा पोरगा हर्षल तिकडे येऊन राह्यला, त्याच्याजवळ सारं सामान दे. तो सूर लावीन, ऐकू आला की मी बोट वर करीन. सामान वापस पाठवतो, आकडे कळवतो, त्यावर जुळव.

तुहा, मामा

देऊळघाट, ता. ५ जानेवारी २०२६

चि. प्रतीक्षास आशीर्वाद.

तू जुळवलेला ॲम्प्लिफायर काल फोनले लावला. तुह्या आईची तब्येत, मयुरीचं लग्न, सारं ऐकू आलं. तू अकरा खेप विचारलं, मामा, ऐकू येते का, तेही.

लोभ धर, अन् पुढच्या फोनले एकच डाव विचार.

तुहा, हिंमतमामा