तुळजाबाईने नेलेले बेणे

मी मुंजाजी वल्द उत्तरेश्वर, कौम माळी, उमर सत्तरीच्या आसपास, राहणार मौजे दिंद्रुड, तालुका माजलगाव, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहवून घेत आहे. छातीत पाणी झाले आहे असे हकीम म्हणतात; डोके शाबूत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट एकाने अडवले, त्याचे नाव पुढे येईल.

कलम पहिले. राहते घर, बैलजोडी, मोट आणि ओढ्याकडची सहा एकर जमीन मुलगा सुग्रीव याची. ती वडिलार्जित आहे, तेव्हा माझे उपकार मानण्याचे त्याला कारण नाही.

कलम दुसरे. मयत पत्नी छबुबाई हिच्या पाटल्या मुलगी तुळजाबाई हिला द्याव्यात. सुनेने त्या दोनदा मागून पाहिल्या आहेत. तिसऱ्यांदा मागू नयेत.

कलम तिसरे. विहिरीसकट पानमळ्याची अर्धा एकर जमीन मी स्वकष्टाने घेतली. तीही तुळजाबाईची. तिथे आज एकही वेल नाही, त्याची हकीकत अशी.

आमच्या मळ्यात पायताण घालून जायचे नाही आणि न्हात्याधुत्या बाईने पाऊल ठेवायचे नाही, ही चाल. बेणे तर बाहेर कोणालाच द्यायचे नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी तुळजाने मळ्यात शिरून पाच कांड्या कापल्या आणि ओल्या फडक्यात बांधून सासरी, युसूफ वडगावला नेल्या. मी तिला चोरटी ठरवून माहेर बंद केले. तिसऱ्या वर्षी मळा मुळापासून कुजला. तेव्हा मी चावडीवर चार माणसांदेखत तिला पांढऱ्या पायाची म्हणालो. आईच्या दुखण्याला आली होती, ती दारातूनच बोलली, "आबा, मी गेलते मळ्यात, न्हाई म्हनत न्हाई. पर तवा वेल हिरवागार व्हता." मी दार लावले.

आता खरे लिहितो. पानवेल बियांनी वाढत नाही. डोळ्यासकट कांडी पुरली की तोच वेल पुन्हा उभा राहतो, त्याच चवीचा, त्याच गुणाचा, आणि आजारी असला तर त्याच आजाराचा. हे मला वडिलांनी शिकवले होते. तरी तुळजाच्या लग्नानंतर मळ्यातली खांडे, म्हणजे मेलेल्या वेलांच्या रिकाम्या जागा, भरताना मी पिवळ्या पडलेल्या कोपऱ्यातले बेणे घेतले. चांगल्या वेलावर बाजाराचे पान होते, तो बेण्यासाठी कापवेना. माझ्याच हाताने मी सगळ्या मळ्यात मर, मूळ कुजवणारा रोग, पेरली. पहिली ओळ वाळली तेव्हाच मला हे कळले होते.

गेल्या दसऱ्याच्या बाजारात चाँद तांबोळ्याने मला पान लावून दिले. तोंडात घालताच मी विचारले, "हे पान कुठलं बे?" तो म्हणाला, "चाचा, तुमच्याच तुळजाबाईच्या मळ्यातलं हाय. लई पान येतंय तिच्याकडं." ते आमचेच पान होते. बारा वर्षांनी जिभेवर आले आणि मी बाजारात बसून रडलो.

पाच कांड्या मी आजच्या तारखेने तुळजाला देत आहे. त्या चोरीच्या होत्या असे यापुढे कोणी म्हणू नये. तिच्याकडे बेणे मागायला सुग्रीवने जाऊ नये. द्यायचे की नाही ते तिने ठरवावे.

हे कलम वगळावे म्हणून सुग्रीव पाया पडला. "आबा, गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाई." बारा वर्षे तुळजाला ती जागा नव्हती, तेव्हा तो गप्प होता. मीही.

कलम चौथे. मी मेल्यावर हा कागद चावडीवर मोठ्याने वाचावा, तिसरे कलम पूर्ण. तुळजा आली तर तिच्यासमोर. नाही आली तरी वाचावा. न येण्याचा तिला हक्क आहे. वाचून होईपर्यंत मला उचलू नये.

वाचून दाखवले, बरोबर आहे.
मुंजाजी वल्द उत्तरेश्वर, डाव्या अंगठ्याची निशाणी

साक्षी: चाँद वल्द पाशा, तांबोळी
राधाकिशन वल्द गहिनीनाथ
दस्तुर: बद्रीनाथ

मुक्काम दिंद्रुड, फाल्गुन वद्य पंचमी, शके १८३९, सन १३२७ फसली