सात नंबरचा पंखा

सोमवार, ८ एप्रिल

चोर म्हणाला मला! तोंडावर नाही – पालकांना चिठ्ठ्या धाडल्यात मुख्याध्यापक पेर्तुसने. ‘नूरिसबाईंनी कॉम्प्युटरमधले चांगले पंखे ढापले आणि भंगार बसवलं.’ शुक्रवारी पालकसभा. तिथे चोर ठरले की बारांकिया शहरात माझ्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानाची पायरी कोण चढणार?

जानेवारीत मी आणि माझा भाऊ दायरोने शाळेत बारा यंत्रं बसवली. मस्त चालत होती. आता दुपारी दोन वाजले की पटापट बंद. दुकानात आणली की मुकाट चालतात! पेर्तुस म्हणतो, “जानेवारीत धावत होती, एप्रिलमध्ये मेली. नासकं सामान, दुसरं काय?”

जानेवारीत वारा असतो, गाढवा! नदीकडून खिडकीतून सरळ आत!

मंगळवार, ९ एप्रिल

थर्मामीटर घेऊन शाळेत गेले. एकच यंत्र, चार नंबरचं, एकच काम. माझ्या दुकानात खोली चोवीस अंश, प्रोसेसर ब्याऐंशी. शाळेत पत्र्याखाली खोली बेचाळीस – प्रोसेसर शंभर, आणि फट्! स्वतःला वाचवायला बंद. दोन्हीकडे फरक अठ्ठावन्नच.

साधी गोष्ट आहे. पंखा हवा गार करत नाही, खोलीतलीच हवा फेकतो. सांकोचोच्या वाटीवर गरम वाफ फुंकून रस्सा निवेल का? खोली जितकी तापेल, तितकाच प्रोसेसर वर चढणार.

आणि त्या वर्गाचा एसी कुठाय? पेर्तुसच्या केबिनमध्ये! “तात्पुरता आणलाय हो,” म्हणे.

बुधवार, १० एप्रिल

सकाळपासून वर्गात बसून आकडे लिहिले. घामाने वही चिकट झाली. सात नंबर मात्र नऊलाच बंद पडलं, खोली एकतीस असताना. दायरो म्हणाला, “सोड ना ताई, खिडकीशी आहे ते, ऊन लागतं.” लागत असेल. सोडलं.

भाऊ बरा वागतोय या दिवसांत. एकतीस वर्षांचा घोडा, एरवी खेळायच्या कॉम्प्युटरपुढून हलत नाही. आज न सांगता मला खायला मक्याचे अरेपा घेऊन आला.

गुरुवार, ११ एप्रिल

आई म्हणते, “माफी माग आणि मोकळी हो पोरी, शाळेशी वैर कशाला?” मागणार नाही. मेले तरी नाही!

शुक्रवार, १२ एप्रिल

सभा केबिनमध्ये ठेवली होती – अर्थात, तिथेच गारवा! मी चार नंबर टेबलावर ठेवलं, काम लावलं. अर्धा तास. ब्याऐंशी. “बघा,” पेर्तुस म्हणाला, “आज बरं चालतंय!”

“आता उचला,” मी म्हटलं. दोघा बापांनी उचलून वर्गात नेलं. अकराव्या मिनिटाला बंद. परत केबिनमध्ये – चालू! तोच पंखा, तेच यंत्र. बदलली काय? खोली!

मासळीवाला ओस्नाइदेर मान पुसत म्हणाला, “साहेब, आता तुम्हीच बसा तिथे पत्र्याखाली तासभर!” सगळे खो खो हसले. पेर्तुस लाल. पण उठला, सगळ्यांसमोर म्हणाला, “नूरिसबाई, माझं चुकलं. तुमच्या कामात खोट नाही.”

मी तिथे हसले नाही. घरी येऊन पोटभर हसले. दायरो हसला नाही. डोकं दुखतंय म्हणाला.

मंगळवार, १६ एप्रिल

एसी वर्गात परत! खोली सव्वीस. मुलं दुपारभर बसली, एकही यंत्र पडलं नाही. जिंकले!

आकडे घेत फिरले. चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशी. सात नंबर – शहाण्णव.

पडदा ओढला होता. ऊन नव्हतं. शहाण्णवातून सव्वीस गेले, सत्तर. सगळ्यांचा अठ्ठावन्न, याचाच सत्तर कसा? याला तरी खोलीचं कारण देता येत नाही. हे मीच तर शुक्रवारी ओरडून सांगितलं.

सात नंबर घरी आणलंय. अजून उघडलं नाही.

बुधवार, १७ एप्रिल

उघडलं. आतला पंखा मी विकत आणलेला नाही. मी आणलेला दायरोच्या खेळायच्या कॉम्प्युटरमध्ये फिरतोय. “बारांतला एकच तर घेतला, ताई,” म्हणाला. वर रडला.

त्याच्या कॉम्प्युटरमधला पंखा काढून पिशवीत घातलाय. पेर्तुसने सगळ्यांसमोर मागितलेली माफी उद्या सगळ्यांसमोरच परत करणार. दायरोलाही नेणार. आई दारात आडवी उभी आहे – राहू दे उभी!