ज्ञानूची आंबील

सांगली, ता. ८ जानेवारी १९७४

तीर्थरूप दादांना,
धाकट्या सयाजीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरा आहे, आईला तसं सांगा. तिचे गुडघे आता कसे आहेत?

कारखान्याच्या शर्यतीत आधी कृष्णा पोहून जायची, मग सायकल, मग धावणं. पहिला येईल त्यालाच कायम करणार आहेत. माझ्या खोलीतला ज्ञानूही शर्यतीत आहे. तरी तो रोज मला खारट आंबील देतो, म्हणून त्यात काही मिसळलं असेल असा मला संशय येतो. मी आधी त्यालाच प्यायला लावतो. तो हसतो, "इख घालायला बी पैसं लागत्यात, गड्या!"

सरावाआधी मात्र मी तुम्ही सांगितलेला तालमीचा खुराकच घेत होतो. रविवारी तूप घातलेलं दूध पिऊन सरावाला गेलो, तर मिरजेच्या रस्त्यावर उलटी झाली आणि पोटऱ्यांत गोळे आले. ज्ञानू बराच पुढे गेला होता. तो मागं फिरला, त्यानं माझ्या पोटऱ्या चोळल्या आणि बाटलीतली आंबील पाजली. "घाम गाळणाऱ्याला मीठ लागतंय रं. पी गप." थोड्या वेळानं मला चालता आलं.

तरी त्याच्या मनात काय आहे ते कळत नाही. शर्यतीच्या दिवशी तो असा पडला, तर मी मागं फिरेन की नाही, हेही मला कळत नाही. तुम्ही फिरला असता का? खरं लिहा.

तुमच्या शब्दाबाहेर नसलेला,
सयाजी