होणाऱ्या सासूबाई त्रिग्लाववर

ती. रोझालियाताईस,

तुझ्या धाकट्या गाश्पेरचा साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, म्हणून तो कागदावरच घालतो आहे). तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींना त्यांच्या मधमाश्या अजून चावतात, की त्यांनाही आता भाऊजींचा कंटाळा आला? इकडील सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर माझं वाटोळं झालं आहे, आणि ते आमच्या गिर्यारोहण मंडळाने एकमताने ठराव करून केलं आहे.

तुला नेष्का आठवत असेल. चौकातल्या बेकरीची. तिच्याशी माझं लग्न ठरतंय, असं मी तुला दर नाताळात लिहितो. ते ठरत नव्हतं याचं कारण तिची आई. हर्मिनाबाई म्हणजे आपल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका (तिसरीत माझ्या तळहातावर पट्टी मोडली होती, त्याच). मुलीचा हात मागायला गेलो, तर त्यांनी मला अंगणात उभं ठेवलं आणि म्हणाल्या, "स्लोव्हेन माणसाने एकदा तरी देशातल्या सगळ्यात उंच शिखरावर, त्रिग्लाववर जायला हवं. माझं राहिलंय. मला वर ने, सुखरूप खाली आण, मग उत्तर देते." बाई सत्तरीच्या पुढे. मला वाटलं, पहिल्या चढालाच धाप लागेल, परत फिरू, आणि दया म्हणून तरी होकार मिळेल. मी अजूनही असाच विचार करतो, ताई, म्हणून तर हे दिवस आले.

मंडळाने लगेच एकमताने ठराव करून सहल काढली. आमचे अध्यक्ष रायमुंड यांना नियम म्हणजे जीव की प्राण (त्यांच्या घरात मांजरसुद्धा नियमाने जेवतं). हजार मीटरच्या खुणेपाशी त्यांनी सगळ्यांना थांबवलं आणि जाहीर केलं की आता इथून वर अहो-जाहो बंद, सगळे अरे-तुरे. तुला हे नवीन नाही, पण मंडळातल्या निम्म्या लोकांना या बाईंनी कान धरून शिकवलंय. सगळे एकदम बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकले. शेवटी होणारा जावई म्हणून मलाच पुढे ढकललं. मी म्हटलं, "हर्मिना, चल." तेही घशातल्या घशात. त्यावर त्या म्हणाल्या, "मोठ्याने बोल, गाश्पेर, मागच्या बाकावर ऐकू येत नाही." आणि चालायला लागल्या. धाप लागली ती मला. रात्री पर्वतघरात त्यांनी आंबट कोबीचं योटा सूप दोनदा मागून घेतलं, आचाऱ्याला मीठ कमी असल्याचं ऐकवलं, आणि खोलीभर घोरणाऱ्या गड्यांना रांगेने कुशीवर वळवलं.

सकाळी कड्यात ठोकलेल्या खुंट्या आणि तारा धरून शिखरावर पोहोचलो. पत्र्याच्या मनोऱ्यापाशी फोटो झाले, ब्लूबेरीची दारू फिरली, आणि मग रायमुंडने पाठपिशवीतून दोर काढला. पहिल्यांदा वर आलेल्याला ओणवं करून बुडावर दोराचे फटके द्यायचे, त्याशिवाय चढाई पुरी होत नाही. तुलाही मिळाले होते, तू तर खाली येईपर्यंत भाऊजींशी बोलत नव्हतीस. ताई, तुला सांगतो, दोर दिसताच मंडळातल्या जुन्या विद्यार्थ्यांनी रांग लावली! सुतार, पोस्टमन, दातांचे डॉक्टर, सगळे. अनेक वर्षांचे हिशेब डोळ्यांत तरळत होते. पण रायमुंड म्हणाला, "सहलीचा प्रमुख गाश्पेर, मान त्याचा."

बाई ओणव्या झाल्या. मी सोफ्यावरची धूळ झटकावी तसा दोर नुसता टेकवला. त्या न उठताच म्हणाल्या, "काम अर्धवट. पुन्हा कर." मला काय झालं कोण जाणे, तिसरीतली ती पट्टी आठवली असावी. दुसरा फटका असा सणसणीत बसला की रायमुंडची टोपी उडाली. त्या सरळ झाल्या, चेहरा लालबुंद. मी मनातल्या मनात नेष्काचा निरोप घेतला. आणि बाई म्हणाल्या, "छान. आता पुढचा डोंगर कुठला?"

तेव्हापासून दर रविवारी डोंगर. उत्तराचं विचारलं की म्हणतात, "निकाल वर्षअखेरीस लागतो, बाळा." पाठपिशवी माझ्याकडे, नकाशा त्यांच्याकडे. नेष्का तर उंचीला इतकी भिते की पिठाचा डबा काढायला स्टुलावरही चढत नाही, ती घरी एकटी. संध्याकाळी मी तिच्याकडे जेवायला जातो आणि ताटातच झोपतो. परवा ती पाव कापता कापता म्हणाली, "तुला लग्न माझ्याशी करायचंय की माझ्या आईशी?" ओरडली नाही, रडली नाही, पाव कापत राहिली. मी घाबरलो, ताई. मला नेष्का हवी आहे. हे तिला नीट सांगायचं तर रविवारशिवाय सवड नाही, आणि रविवारी मी कुठल्या तरी कड्याला लटकलेला असतो.

भाऊजींना नमस्कार, मधमाश्यांना लांबूनच.

तुझा दुर्दैवी भाऊ,
गाश्पेर

ता. क. — हर्मिनाबाईंना एक पत्र लिही. या वयात हृदयाला, गुडघ्यांना वगैरे काय काय होऊ शकतं ते जरा रंगवून लिही. तुझं त्या ऐकतील, तू वर्गात पहिली यायचीस.

ता. क. २ — नको लिहूस. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? माझ्या मनासारखं चालणारं माणूस मंडळात आजवर मला भेटलं नव्हतं. त्या थांबत नाहीत, कुरकुरत नाहीत, आणि शिखरावर पोहोचल्यावर उगाच बोलत नाहीत. रविवार आला की पहाटे मलाच आधी जाग येते.

ता. क. ३ — मुख्य गोष्ट राहिलीच. नेष्काने आईच्या निकालाची वाट बघणं सोडलं. ती परस्पर चर्चमध्ये जाऊन पाद्रीबाबांकडून वेळ घेऊन आली. येत्या रविवारी, सकाळी दहा. आलास तर लग्न, नाही आलास तर पुन्हा बेकरीची पायरी चढू नकोस, असं म्हणाली. हर्मिनाबाईंना सांगितलं तर त्यांनी खिडकीतून आभाळ बघितलं आणि म्हणाल्या, "रविवारी हवा स्वच्छ आहे. पहाटे निघू, दहाच्या आत सहज उतरतो." मी हो म्हणून बसलो आहे. आमचं मंडळ आजपर्यंत एकदाही वेळेत खाली उतरलेलं नाही. ताई, तुझ्या पाया पडतो, शनिवारीच ये, आणि माझे बूट लपवून ठेव.