सिंबाकोट्याची बोट, माझं स्टूल आणि ‘निघा’ म्हणायचा हक्क

बुद्ध, धम्म, संघाला वंदन करून मी, ऊर्मिला जीवन वानखेडे, वय ७९, शिक्षण चौथी, राहणार मुलाकडे, इंगोलश्टाट, जर्मनी, डोकं जागेवर असताना आणि सकाळचा चहा झाल्यावर, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. इथल्या कायद्यानं सगळं स्वतःच्या हातानं लिहावं लागतं, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नयेत.

१. पिंपरीची खोली माझ्या पश्चात मुलगा हृषिकेश यास. संपला तो विषय.

२. आता खरी मिळकत. स्वयंपाकघरातलं तीन पायांचं स्टूल, आणि त्यासोबत सिंबाकोट्याच्या बोटीला रोज ‘निघा’ म्हणायचा हक्क.

सिंबाकोटा म्हणजे पश्चिम आफ्रिकेतलं नदीकाठचं चिमुकलं बंदर. तिथं धक्क्यावर एक आजी स्टुलावर बसते. ती ‘निघा’ म्हणाल्याशिवाय बोट सुटत नाही. पूर्वी एका गोऱ्या साहेबानं न विचारता आगबोट हाकली, ती वाळूत रुतली. अजून तिच्यावर मासे वाळवतात. मीही वाळवलेत, छान वाळतात.

१९८४ साली आमचे हे तिथं बोटीची इंजिनं दुरुस्त करायला होते. मला तांदूळ निवडायचे होते, धक्क्यावर स्टूल रिकामं दिसलं, बसले. जुनी आजी आठवड्यापूर्वीच वारली हे मला काय माहीत! कप्तान वाकून काहीतरी बोलला. माझ्या मांडीवर तांदूळ, मी हातानंच ‘जा बाबा’ केलं. बोट गेली. झाले मी आजी, वय अडतीस! एकदा बसलं की मरेपर्यंत. भारतात परतल्यावर वर्षभराचं ‘निघा’ एकदम पत्रानं पाठवायचे. आता कप्तान लामिन रोज नऊला फोन करतो.

३. सदर हक्क हृषिकेशला नाही. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी त्यानं माझ्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावलं. गाड्यांचा इंजिनियर ना! लामिननं रीतीप्रमाणे विचारलं, “आजी, झोप लागली का?” रेकॉर्डिंग म्हणालं, “निघा.” इतकी उद्धट आपली आजी नव्हेच, म्हणून बोट दोन दिवस उभी. आत नवरी, वऱ्हाड आणि बावीस शेळ्या. नवरी अजून माझ्याशी बोलत नाही.

४. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ हुबर यांनी, मी रविवारच्या रूहेत्साइटमध्ये, म्हणजे इथल्या सक्तीच्या शांततेच्या वेळेत, ओरडते, अशी लेखी तक्रार केली. अहो, आफ्रिका लांब आहे! त्यांना माझी लोकरीची कानटोपी.

५. स्टूल आणि हक्क नात ईप्सिता हिला. धास्ती एकच होती. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. ही लामिनशी काय बोलणार? आणि स्टूल रिकामं राहिलं तर बोट कायमची उभी. दवाखाना पलीकडच्या काठाला आहे हो.

हे लिहिता लिहिता फोन आला. मी मुद्दाम तिच्या हातात दिला. पोरगी स्टुलावर बसली आणि त्यांच्या बोलीत घडाघडा सुरू! रोज नाश्ता करताना ऐकून शिकली म्हणे. मराठी येत नाही, आणि हे येतं! झोपेची चौकशी, घरच्यांची चौकशी, मग म्हणाली, “शेळ्या बांधल्या?”

लामिन म्हणाला, “अजून नाही.”

“मग नाही निघायचं.”

एक्केचाळीस वर्षांत मी कधी ‘नाही’ म्हटलं नव्हतं. म्हणता येतं हेच माहीत नव्हतं! लामिन मला म्हणाला, “आजी, ही तुमच्याहून कडक आहे.” मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच.

यावर कोणी हरकत घेतल्यास ती रद्दबातल समजावी. शेळ्या बांधणं चाललंय, बोट सुटायच्या आत सही करते.

ऊर्मिला जीवन वानखेडे
इंगोलश्टाट, रविवार, १६ मार्च २०२५

साक्षीदार:
१. कप्तान लामिन (फोनवर अंगठा दाखवला)
२. फ्राऊ हुबर (तक्रार करायला वर आल्या होत्या. सही केली, टोपी आत्ताच घेऊन गेल्या.)