शेडमधला वॉल्ट्झ

२ मे
ठरलं! चौदा तारखेला लिथगोच्या माजी सैनिकांच्या क्लबात आमचा जुना रॉक बँड पुन्हा वाजणार. वय त्रेसष्ट, पण टेस्ट तीच. गिटारचा अँप फुल्ल, दहावर. माणसं म्हातारी झाली की मिळमिळीत गाणी ऐकायला लागतात. आपल्यात ते नाही.

एकच कटकट. शेडमध्ये सरावाला बसलो की कुठूनतरी अकॉर्डियन ऐकू येतं. डॅडचा तो वॉल्ट्झ, जुन्या नाचाची धून. डॅड तर गेल्या जूनमध्येच गेले. शेजारच्या मर्वचा रेडिओ असणार.

५ मे
मर्वला दम दिला. म्हणाला, "बाबा रे, माझा रेडिओ ईस्टरपासून बंद पडलाय. तू बरा आहेस ना?"

बिअरसुद्धा न घेता परतलो. आवाज सातवर आणला. अँप जुना आहे, त्याला त्रास नको.

९ मे
पुन्हा तेच. अंगावर काटा आला (ऑस्ट्रेलियातला मे, थंडी). डॅडच्या अकॉर्डियनची पेटी उघडून पाहिली. भाता फाटलेला, आत त्यांच्या तंबाखूचा वास. वाजणं शक्यच नाही. पेटीवर दोन विटा ठेवल्या. सहज.

बायकोला सांगितलं. नोएलीन भांडी विसळत म्हणाली, "केल, तूच गुणगुणतोस ते. झोपेतसुद्धा." हिला संगीतातलं काय कळतंय!

संकल्प: क्लबात एवढं जोरात वाजवायचं की हा सूर कायमचा गप्प झाला पाहिजे.

१३ मे, दुपार
आवाज चारवर. आमच्या ड्रमर ब्लूईचं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, त्याच्यासाठी. बसूनच वाजवणार. गिटारचा पट्टा नवीन आहे.

१४ मे
सहा वाजता क्लबात नेहमीप्रमाणे दिवे मंद झाले. सगळे उठून उभे. युद्धात गेलेल्यांसाठी मौन. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, आणि तेवढ्यात तो वॉल्ट्झ! अगदी जवळून. कोण हा नालायक म्हणून रागाने वळलो, तर अख्खा क्लब माझ्याकडे बघतोय. नोएलीनने कोपर मारलं तेव्हा कळलं, गुणगुणत मीच होतो.

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिवे लागले. म्हातारी व्हर्ना बिंगोच्या टेबलावरून ओरडली, "मेल्या, मौनात गातोस? क्लॅरीचा पोरगा शोभतोस खरा! याच गाण्यावर नाचवायचा तो आम्हाला. आता नीट वाजव तरी!"

वाजवला. केवळ पब्लिक तापवायला. सगळे उठून नाचले, नोएलीन मर्वबरोबर. पहिलंच कडवं तीनदा वाजवायला लावलं. मग आमचा खरा रॉक सुरू केला, तर लोक मटणाच्या ट्रेच्या सोडतीला रांगेत. ब्लूईसुद्धा. ट्रे त्यालाच लागला.

१५ मे
शेडमध्ये तासभर बसलो. सूर नाही. संकल्प पूर्ण! जिंकलो.

१७ मे
अजून नाही. अँप बंदच ठेवतोय, म्हणजे आलाच तर ऐकू येईल. नुसती खबरदारी म्हणून.

२१ मे
नाही.

स्वतः गुणगुणून पाहिला. माझाच आवाज आला, दुसरं कुणी नाही. दुसऱ्या कडव्याला तर अडकलोच. पुढचं कुणाला विचारायचं?

डॅड, मला आवडायला लागलाय हो तो. एकदा वाजवा ना.