चाचांचा आवडता पिक्चर

चाचा, तुमचा तो आवडता पिक्चर काल मी पाहिला. नातवाच्या मोबाईलवर, दुपारी जेवण करून, ओसरीत आडवा पडून.

तुम्ही कधी टॉकीजची पायरी चढला नाहीत. मोताळ्याच्या तुमच्या शिलाईच्या दुकानात रीतच होती, मलकापूरला जाऊन जो पिक्चर पाहून येईल त्यानं काज-बटन करता करता तो सगळ्यांना सांगायचा. मी नीट सांगायचो, पहिल्यापासून शेवटापर्यंत, एक गाणं न गाळता. तुमची मशीन आपली खडखडत राहायची. माझ्याबरोबर दुकानात कामाला असलेल्या माझ्या जोडीदारानं मात्र तोंड उघडलं की मशीन बंद. ‘मंग? पुढं काय झालं बे?’ कपडे न्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही तुम्ही त्याचाच पिक्चर सुचवायचात, ‘जरूर पाहा. ते माय रेल्वेच्या फाटकावर पोराचा डबा घेऊन उभी राह्यते ना, बस्स!’ एकदा मी म्हटलं, ‘चाचा, माह्यावाला बी चांगला आहे.’ तुम्ही दातानं दोरा तोडत म्हणालात, ‘हाव बेटा. पण तू पिक्चर सांगतं का सात-बारा वाचतं?’ सारं दुकान हसलं. मला ते अजून झोंबतं.

परवा धामणगावच्या एका लग्नात पोरं आम्हा म्हाताऱ्यांना आवडते पिक्चर विचारत होती. जोडीदार लगेच म्हणतो, ‘चाचाले आवडला तोच. म्याच सांगतला होता त्यायले.’ अंगाचा तिळपापड झाला. म्हणून पाहिला.

चाचा, त्यात फाटक नाही. माय पहिल्या गाण्याआधीच मरते. डबा तर कुठंच नाही. लबाडानं दुकानात बसल्या बसल्या रचलं होतं सगळं! असा आनंद झाला म्हणून सांगू, चारचौघांत त्याचं पितळ उघडं पाडायला मी चपलासुद्धा घातल्या. मग दारातच आठवलं, तुमची आई तुमच्या लहानपणीच गेली होती. हे त्याला माहीत होतं. मलाही होतं की. मला का नाही सुचलं?

चपला काढल्या, पण जळफळाट काही गेला नाही, वाढलाच. तुम्ही तर आता नाहीत, म्हणून हा कागद कुठं धाडायचा नाही, आणि त्याच्या हाती लागला तर मेलोच. कारण संध्याकाळी नातवानं विचारलं, ‘आबा, कसा होता?’ तर मी म्हटलं, ‘मोबाईलवर कापून दाखवतात बे. त्यात फाटकाचा एक सीन होता.’ आणि तो सांगितला त्याला, सगळा. वर हेही सांगितलं, की चाचांना तो पहिल्यांदा मीच ऐकवला होता.